मोठ्या फुलांचं ट्युनिक: कॅम्ब्रिक की रेयॉन, सरळ कट की ए-लाइन?

माझी भाची ऐरोलीला नोकरीला आहे. रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बरच्या गाडीने जाते. मागच्या रविवारी ती जांभळी नाक्यावरून दोन कापडांचं एकेक मीटर घेऊन नौपाड्यात माझ्याकडे आली. दोन्ही कापडं पलंगावर पसरली आणि म्हणाली, "मावशी, यातल्या एकाचं ट्युनिक शिवायचंय. मीच शिवणार आहे. तू फक्त सांग, कुठलं घेऊ?"

पहिलं कॅम्ब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड. ऑफव्हाइट जमिनीवर लाल-केशरी फुलं, एकेक फूल पसरलेल्या तळव्याहून मोठं. दुसरं रेयॉन. गडद निळी जमीन, तिच्यावर गुलाबी-पिवळी फुलं, लांब देठ आणि पानांसकट. दोन्ही देखणी होती. दुकानातल्या गर्दीत तिला निवडता आलं नाही, यात नवल नाही.

मला उत्तर द्यायला दोन तास लागले. तिच्या एका प्रश्नात तीन प्रश्न होते: कापड कुठलं, कट कुठला आणि कात्री कोण चालवणार. बारीक बुट्टीचं कापड असेल तर हे तिन्ही सुटेसुटे ठरवता येतात. मोठ्या फुलात तसं चालत नाही. तिथे एकाचं उत्तर दुसऱ्याला बांधलेलं असतं. हेच सगळं इथे मांडते आहे. ट्युनिक म्हणजे माझ्या हिशेबी मांडीच्या मध्यापर्यंत येणारं, ३२ ते ३६ इंच उंचीचं, जीन्सवर किंवा पलाझोवर घालायचं. लांब कुर्तीचा हिशेब थोडा वेगळा होतो.

आधी फुलाची जागा

छापील सुती कापडाला आपला जुना शब्द आहे चीट. चिटाची चोळी, चिटाची गोधडी. इंग्रजीतला चिंट्झ हा याच घराण्यातला शब्द. सतराव्या-अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावरून, मछलीपट्टणसारख्या बंदरांतून, फुलापानांनी रंगवलेली सुती कापडं युरोपात जायची. तिथे त्यांची अशी ओढ लागली की लोकर आणि रेशीम विणणारे तक्रारी करू लागले. फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडांवर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत राहिली. इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले. या कापडांत सगळ्यांत मोठी नक्षी, म्हणजे अख्खं फुललेलं झाड, ज्या वस्तूवर असायची तिला पलंगपोस म्हणत. इंग्रजीत त्याचाच पॅलम्पोर झाला.

हे सांगायचं कारण असं, की एवढी मोठी नक्षी सपाट, अखंड पसरलेल्या कापडावर शोभावी अशा बेताने काढलेली असते. अंगावर आल्यावर तिला तेवढं अखंड मैदान मिळत नाही. गळा एक फूल खातो, मुंढा (बाही जोडायची गोलाई) दुसरं, टक्स (फिटिंगसाठी आत घातलेली निमुळती घडी) तिसरं. मग बघणाऱ्याला नुसते रंगांचे तुकडे दिसतात आणि "पडद्याचं कापड घातलंय" असा शेरा येतो. मी असे शेरे ऐकलेत, आणि जवळजवळ दर वेळी दोष कापडाचा नसून कापण्याचा होता.

हिशेब करून बघा. छाती ३८ इंच, त्यात ४ इंच सैलपणा, म्हणजे ४२. पुढचा भाग त्याच्या निम्मा, २१ इंच. फूल ७ इंचांचं असेल तर आडवी जेमतेम तीन फुलं बसतात, तीही एकमेकांना चिकटून. गळ्याची रुंदी ६-७ इंच धरली तर वरचं मधलं फूल गळ्यातच जातं. मधली मोकळी जमीन आणि कापली गेलेली फुलं वजा केली तर पुढच्या अख्ख्या भागावर धडपणे दिसणारी फुलं थोडीच उरतात. त्यातलं एकही वाया घालवणं परवडत नाही. मोठ्या फुलांच्या कापडात कट निवडताना माझी पहिली कसोटी एवढीच असते: हा कट किती फुलं अखंड ठेवतो?

कट: सरळ, ए-लाइन आणि बाकीचे

सरळ कट म्हणजे खांद्यापासून खालपर्यंत जवळपास सरळ उतरणारा, दोन्ही बाजूंना खाली चिरा ठेवलेला. कापड सगळ्यांत कमी लागतं. बाजूच्या चिरांमुळे जिने चढणं आणि गाडीत चढणं सोपं जातं. नक्षी कापडावर जशी उभी आहे तशीच अंगावर उभी राहते, हा याचा मोठा गुण. अडचण छातीपाशी येते. छाती भरलेली असेल तर बाजूच्या शिवणीतून टक्स घ्यावाच लागतो. नाही घेतला तर मुंढ्यापाशी झोळ पडतो आणि पुढची कड वर उचलली जाते. आणि टक्स म्हणजे फुलाचा घास. एक इंच कापड आत दुमडलं जातं, पाकळी तिथे तुटते आणि खालची पाकळी तिरकी येऊन तिला भिडते. टक्सची गरजच नाही अशा सडपातळ बांध्याला सरळ कटात काही खटकत नाही. दुसरी गोष्ट नितंबांची. तिथे कापड ताणलं गेलं की गोल फूल आडवं पसरतं. त्यामुळे सरळ कटात नितंबाचं माप छातीइतक्याच काळजीने घ्या आणि बसून घ्या. बसल्यावर माप दीड-दोन इंच तरी वाढतं.

ए-लाइनमध्ये, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या कटात, माझा जीव जास्त रमतो, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. कागदावरच्या पॅटर्नमध्ये छातीच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत उभी चीर द्यायची आणि टक्स मिटवायचा. टक्स मिटला की खाली फट उघडते आणि घेर आपोआप वाढतो. छातीला लागणारी जागा मिळाली, घेर मिळाला, आणि पुढच्या भागावर एकही शिवण आली नाही. फूल जसंच्या तसं. मोठ्या छापासाठी याहून चांगली तडजोड मला गेल्या कित्येक वर्षांत सापडलेली नाही.

याचीही किंमत आहे. कापड जास्त लागतं. बाजूच्या शिवणी तिरक्या येतात, त्यामुळे तिथली नक्षी किंचित कलते. पण हात खाली असताना ती जागा दिसतेच कुठे? खरा त्रास खालच्या कडेचा. तिरक्या भागातलं कापड लोंबतं, मऊ कापडात तर फारच. त्याबद्दल पुढे सांगते.

योक (खांद्या-छातीवरचा वेगळा तुकडा) आणि खाली चुण्या हा प्रकार बारीक फुलांत फार गोड दिसतो. मोठ्या फुलांत मी तो टाळते. दीडपट चुण्या घातल्या की सात इंचांचं फूल पावणेपाच इंचांत गोळा होतं, तेही घड्यांत अर्धं लपून. कापड कमी पडलं असेल आणि एका रंगाचा योक लावून निभवायचं असेल तेवढ्यापुरता ठीक आहे. तेव्हाही चुण्यांऐवजी मध्ये एकच मोठी घडी घाला, फुलं दोन्ही बाजूंना मोकळी राहतात.

प्रिन्सेस कट नको. त्यात छातीवरून खाली दोन उभ्या शिवणी येतात आणि पुढच्या भागाचे तीन तुकडे होतात. एवढं एक कारण पुरे.

काफ्तान फुलाला सगळ्यांत मानवतो. ना मुंढा, ना टक्स. नवशिक्यालाही एका दुपारी जमतो. पण एक सापळा आहे. काफ्तान बहुधा खांद्यावर घडी ठेवून, पुढची-मागची बाजू एकाच अखंड तुकड्यात कापतात. भाचीच्या निळ्या रेयॉनसारखी सगळी फुलं एकाच दिशेला, देठ खाली आणि तोंड वर अशी असतील, तर पाठीवर सगळी फुलं उलटी लटकतात. अशा कापडाला खांद्यावर शिवण घ्यावीच लागते. घराबाहेर म्हणाल तर संध्याकाळच्या गाडीत काफ्तानच्या बाह्या कुणाच्या तरी बॅगेत अडकणार. तो सुट्टीच्या दिवसाचा कपडा.

पुढे पूर्ण बटणपट्टी हवी असेल तर दोन्ही बाजूंच्या अर्ध्या फुलांनी मिटल्यावर एक पूर्ण फूल व्हायला हवं. होतं, पण त्यासाठी कापड जास्त लागतं आणि चिकाटी त्याहून जास्त. पहिल्या-दुसऱ्या ट्युनिकला गळ्याखाली चार-पाच इंचांची चीर आणि आतून पट्टी, एवढंच बरं.

कॅम्ब्रिक आणि रेयॉन, एकाच बादलीत

दोन्ही तुकडे आम्ही त्याच दिवशी धुतले. आधी टेपने उभ्या धाग्यात नेमकं मोजलं, मग कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं, सावलीत वाळवलं आणि इस्त्री करून पुन्हा मोजलं. कॅम्ब्रिक तीन सेंटीमीटर आटलं, रेयॉन पाच. सुती कापड साधारण तीन ते पाच टक्के आटतं आणि रेयॉन त्याच्या पुढे जाऊ शकतं, या अंदाजाला धरूनच हे झालं. न धुता शिवलेलं ३४ इंचांचं ट्युनिक पहिल्या धुण्यात दीड इंच वर जातं, आणि तेवढ्याने त्याचा तोल बिघडतो.

धुण्याआधी रंगाची परीक्षा घेतली. पांढरा रुमाल ओला करून फुलाच्या सगळ्यांत गडद भागावर दहा-बारा वेळा घासायचा. कॅम्ब्रिकचा लाल रंग किंचित आला, रेयॉनचा निळा बऱ्यापैकी आला. इथे एक समज दूर करायला हवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. रंगवण्याच्या वेळी रंग धाग्यात शिरावा म्हणून मीठ वापरतात हे खरं, पण एकदा तयार झालेल्या कापडाचा सुटणारा रंग घरच्या मिठाने धरला जात नाही. वरचा जास्तीचा रंग दोन-तीन धुण्यांत निघून जायचा असेल तर जातो. प्रत्येक धुण्यात सारखाच जात राहिला तर ते कापड घेऊ नका. ऑफव्हाइट जमिनीच्या कापडात तर मुळीच नको. लाल रंग सुटून पांढऱ्यावर बसला की सगळं गढूळ होतं.

छपाईचा प्रकारही हाताला कळतो. पिगमेंटची छपाई कापडाच्या वर बसते. फुलावर बोट फिरवलं की जमिनीपेक्षा कडक लागतं, आणि पुढे घासल्या जाणाऱ्या जागी, काखेत आणि बॅगेच्या पट्ट्याखाली, ती विटते. रिॲक्टिव्ह छपाईत रंग धाग्याशी जोडला जातो, त्यामुळे फूल आणि जमीन हाताला सारखीच मऊ लागतात. मोठ्या फुलांत रंगाचे पट्टे मोठे असल्यामुळे हा फरक अंगावर दिवसभर जाणवतो. आमचं कॅम्ब्रिक मऊ होतं, ही जमेची बाजू.

आता अंगावर. कॅम्ब्रिकला स्वतःचा ताठपणा आहे. ते अंगापासून थोडं सुटं राहतं, फूल सपाट दिसतं, घाम टिपतं. चुरगळतं, पण मोठ्या छापावर चुण्या फारशा दिसत नाहीत. एकरंगी कापडात त्या लगेच डोळ्यात भरल्या असत्या. रेयॉनचा गुण म्हणजे पडणं. खांद्यावरून सुटलं की पाण्यासारखं खाली येतं, घेर जड न दिसता डोलतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेलं असल्यामुळे तेही हवा खेळती ठेवतं. उन्हाळ्यात मला ते कॅम्ब्रिकइतकंच आवडतं. फक्त ते अंगाची रेषा सोडत नाही, जिथे वळण तिथे फूलही वळतं. कुणाला ते हवं असतं, कुणाला नको असतं. हे दुकानात कापड हातात धरून कळत नाही. आरशासमोर खांद्यावरून सोडून, चार पावलं चालून बघावं लागतं.

पावसाळ्यात मात्र दोघांत सरळ फरक पडतो. रेयॉन पाणी खूप पितं, भिजलं की जड होतं आणि अंगाला चिकटतं. शिवाय ओलं असताना त्याची ताकद बरीच घटते, त्यामुळे पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. जुलैत घरातल्या दोरीवर ते उशिरा वाळतं. ऐरोलीला उतरून ऑफिसपर्यंत चालत जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ही बारीक गोष्ट नाही. उलट कॅम्ब्रिकच्या ऑफव्हाइट जमिनीतून आतलं दिसतं. कापडाखाली हात धरून बघितलं तर बोटं ओळखू येत होती. म्हणजे आत स्लिप घाला किंवा कमरेपर्यंत मलमलचं अस्तर लावा. निळ्या रेयॉनला याची गरज नाही.

शिवताना कॅम्ब्रिक शहाणं कापड आहे. खडूची रेघ धरतं, कात्रीखाली सरकत नाही, चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येतं. ११ नंबरची सुई आणि अडीच मिलिमीटरचा टाका, बस. रेयॉन हलतं. टेबलावर सरळ मांडलेलं फूल टाचणी लावेपर्यंत अर्धा इंच सरकतं, आणि मोठ्या फुलात अर्धा इंच लगेच दिसतो. यावर माझा उपाय घरगुती आहे: तांदळाच्या पेजेची पातळ खळ करून कापडाला द्यायची, वाळवायची, इस्त्री करायची. रेयॉन कागदासारखं होतं, कापून-शिवून झालं की धुऊन टाकायची. खालची कड दुमडण्याआधी ट्युनिक एक रात्र हँगरवर टांगून ठेवायचं. ए-लाइनचे तिरके भाग लोंबायचे तेवढे लोंबतात, सकाळी जमिनीपासून मापून कड सारखी करायची. हे न करता रेयॉनची ए-लाइन शिवली तर आठवड्याभरात बाजू खाली आणि मध्य वर असा प्रकार होतो. कॅम्ब्रिकलाही टांगून ठेवलेलं बरं, पण तिथे फरक अगदी थोडा पडतो.

बाकीच्या कापडांबद्दल दोन-दोन शब्द. मलमल फार मऊ आणि झटपट वाळणारी, पण मोठ्या फुलाला लागणारी शिस्त तिच्यात नाही, अस्तर लावावंच लागतं. लिननवर मोठं फूल राजेशाही दिसतं, खर्चाची तयारी हवी. पॉलिएस्टर क्रेप चुरगळत नाही, रंग भडक टिकतो, पण आपल्या दमट हवेत दिवसभर ते घालून बसणं मी कुणाला सुचवणार नाही.

किती मीटर?

दुकानदार कुर्तीच्या सवयीने सांगेल ते माप मोठ्या फुलाला पुरत नाही. आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४४ इंची पन्ह्यात ३८ छातीचे पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी बसत नाहीत, कारण दाबासकट, म्हणजे शिवणीत जाणारं कापड धरून, एकेक भाग २३ इंचांचा होतो. ते एकाखाली एक घ्यावे लागतात. उंची ३६ आणि दाब २ असे ३८ इंच, त्याच्या दुप्पट ७६. बाह्या उरलेल्या उभ्या पट्टीत निघतात. आटण्यासकट हे सव्वादोन मीटर झाले. इथपर्यंत सगळ्यांचाच हिशेब सारखा असतो.

त्यात नक्षीची एक पूर्ण फेरी मिळवायची. कापडावर एखादं ओळखीचं फूल धरा आणि तेच फूल उभ्या रेषेत पुन्हा कुठे येतं ते मोजा. गिरण्यांतल्या रोटरी छपाईच्या रोलरचा घेर सहसा ६४ सेंटीमीटर असतो, त्यामुळे नक्षी ६४ सेंटीमीटरवर किंवा त्याच्या सारख्या भागावर, जसं ३२ वर, परत येते. डिजिटल छपाईला असं बंधन नाही, तिथे फेरी मोठीही असू शकते. आमच्या कॅम्ब्रिकची फेरी ६४ होती. सव्वादोन अधिक ६४ सेंटीमीटर, म्हणजे तीन मीटर घ्यायचं. हे जास्तीचं कापड म्हणजे हवं ते फूल हव्या त्या जागी आणण्याची मोकळीक आहे. कापून झाल्यावर ते वाया जात नाही, पुढे खिसा आणि गळ्याची पट्टी त्यातूनच निघते.

५८ इंची पन्हा मिळाला तर पुढचा-मागचा भाग शेजारी बसतात आणि सव्वादोन मीटरमध्ये फेरीसकट काम होतं. ए-लाइनचा एकेक भाग खाली दाबासकट २८ इंच रुंद असेल तर दोन भागांना ५६ लागतात. जेमतेम बसतं, काठ सोडून मोजा.

आणि एक सवय लावून घ्या. पाव मीटरचा नमुना आणू नका, त्यात अख्खी नक्षी दिसतच नाही. किमान एक मीटर आणा. दुकानात थान उलगडून दहा पावलं मागे जायला सांगतात ते बरोबरच आहे, पण जांभळी नाक्याच्या गल्ल्यांत दहा पावलं मागे जाणार कुठे? त्यापेक्षा कापड बाहेर उजेडात न्या आणि सोबत असेल तिला खांद्यावरून धरून उभं करा. उल्हासनगरच्या गजानन मार्केटला किंवा मुंबईत मंगलदास मार्केटला गेलात तर विविधता जास्त मिळेल, पण शिवताना कापड कमी पडलं तर तेवढ्यासाठी परत जाणं जिवावर येतं. पहिल्या ट्युनिकसाठी जवळचं दुकान बरं.

स्वतः शिवायचं की टेलरकडे टाकायचं?

माझा स्वतःचा अनुभव सांगते. पूर्वी मी मोठ्या सूर्यफुलांचं कापड एका टेलरकडे दिलं होतं. शिलाई नीटस होती, फिटिंगही उत्तम. पण घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा दोन सारखीच सूर्यफुलं छातीच्या नेमक्या दोन टोकांवर आली होती, आणि पाठीवरची सगळी फुलं उलटी होती. ते मी एकदाही बाहेर घातलं नाही. त्या माणसाचं कसब कमी नव्हतं. टेलर कापड चौघडी घालून कापतात, त्यात वेळ आणि कापड दोन्ही वाचतं, आणि एकरंगी किंवा बारीक छापात काही बिघडत नाही. चौघडीत वरचा पदर दिसतो, खालच्या पदरांवर काय आहे ते कापल्यावरच कळतं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, हेही खरं.

म्हणून टेलरकडे देणार असाल तर चार गोष्टी बोलून घ्या. कापड एकेरी उलगडून कापा. फुलांची तोंडं वर, पुढेही आणि मागेही. पुढच्या भागाचा मध्य कुठे हवा ते मी खडूने खूण करून दिलंय. आणि टक्स न घेता ए-लाइन करा. चांगला कारागीर ही गोष्ट मनापासून ऐकतो, थोडी जास्त शिलाई मागेल, ती द्यावी. गर्दीच्या दिवसांत, म्हणजे गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी, असं काम देऊ नका. तेव्हा एकेरी कापायला कुणालाच वेळ नसतो.

स्वतः शिवणार असाल तर शिलाईत हात कच्चा असला तरी कापण्यात तुम्ही टेलरच्या पुढे असता, कारण तुमच्याकडे वेळ आहे. पॅटर्न अर्धा न काढता अख्खा काढा, डावी-उजवी दोन्ही बाजू. शक्य असेल तर जेवणाच्या टेबलावर घालतात त्या पारदर्शक प्लास्टिकवर काढा. त्यातून खालचं फूल दिसतं. मग पॅटर्न कापडावर सरकवत राहा.

फूल कुठे नसावं हे आधी ठरवायचं: छातीच्या दोन्ही टोकांवर नको, पोटाच्या नेमकं मध्यभागी नको, गळ्याने अर्धं खाल्लेलं नको. कुठे असावं याबद्दल माझी आवड सांगते. एक पूर्ण फूल डाव्या खांद्याच्या खाली, छातीच्या वर. दुसरं उजवीकडे नितंबाजवळ. नजर तिरकी खाली उतरते आणि ट्युनिक अंगाला लांब दिसतं. दोन्ही बाह्यांवर जुळी फुलं आणायचा हट्ट करू नका, त्याने कपडा गणवेशासारखा दिसतो. दोन्हींवर रंगाची दाटी सारखी असली की झालं. बाजूच्या शिवणीवर फूल जुळवत बसू नका. तो सगळा वेळ पुढच्या मध्यावर आणि खिशावर घाला. पाठीकडे दुर्लक्ष नको, गाडीच्या रांगेत लोक तुमची पाठच बघत असतात.

गळा साधा ठेवा, गोल किंवा थोडा व्ही. फुलांवर लेस, मोती, वेगळ्या नक्षीची पट्टी काही नको. फार तर छापातला सगळ्यांत कमी असलेला रंग शोधा, कॅम्ब्रिकमध्ये तो पानांचा शेवाळी होता, आणि त्या रंगाची उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली बारीक पायपिंग गळ्याला लावा. गळ्याच्या पट्टीला हलकं पेस्टिंग (आतून चिकटवायचं ताठ कापड) पुरतं. रेयॉनला सगळ्यांत पातळ मिळेल ते घ्या, नाहीतर गळा पुठ्ठ्यासारखा उभा राहतो.

मी काय सांगितलं

भाचीला मी कॅम्ब्रिक घ्यायला सांगितलं, ए-लाइनमध्ये. तिचं हे दुसरंच शिवण, समोर पावसाळा, रोजचा प्रवास, आणि कापडाची फुलं चारी दिशांना तोंड करून असल्यामुळे पॅटर्न फिरवायची मोकळीक होती. पांढऱ्या जमिनीचा दोष अस्तराने भागतो.

हिच्या जागी माझी वहिनी असती तर मी उलट सांगितलं असतं. वहिनी वाशीला राहतात, शिवणात चाळीस वर्षं घालवलेला हात, मोठ्या घेराचे कपडे त्यांना शोभतात. त्यांना मी म्हटलं असतं, "वहिनी, तुम्ही ते निळं रेयॉनच घ्या, आणि दसऱ्याला घाला." ज्यांना टेलरकडेच द्यायचंय आणि समोर उभं राहून कापून घेणं जमणार नाही, त्यांनी दोन्ही सोडून दीड-दोन इंचांच्या फुलांचं कापड घ्यावं. चौघडीतही ते बिघडत नाही.

भाचीने सोमवारी ऑफिसातून येताना तीन मीटर कॅम्ब्रिक आणलं. त्याच थानातलं मिळालं. मंगळवारी धुतलं, शनिवारी दुपारी आम्ही दोघींनी माझ्या दिवाणखान्यातल्या फरशीवर ते एकेरी पसरलं. प्लास्टिकचा पॅटर्न वर ठेवून ती गुडघ्यांवर बसली आणि पाऊण तास नुसती सरकवत राहिली. एकदा मधलं फूल गळ्यात जात होतं, एकदा डावीकडचं मुंढ्यात. शेवटी पॅटर्न दीड इंच उजवीकडे आणि तीन इंच खाली घेतल्यावर खांद्याखालचं फूल पूर्ण आलं. मी टाचण्या दिल्या, तिने चारही बाजूंनी लावल्या, उठून दाराशी जाऊन एकदा लांबून बघितलं आणि कात्री मागितली.